बोलक्या पुस्तकांतला श्वास

१९३५ साली ब्रिटनमध्ये अंधांसाठी पहिली बोलकी पुस्तके तबकड्यांवर निघाली. त्यांत कॉनरॅडची 'टायफून' होती. तबकडीवर कापाकापी अशक्य. वाचक अडखळला की ती बाजू पुन्हा आरंभापासून.

२००५ मध्ये ह्यू मॅग्वायर यांनी माँट्रियलहून 'लिब्रिवॉक्स' सुरू केले, तेही योगायोगाने कॉनरॅडच्याच 'द सीक्रेट एजंट'ने. येथे हौशी वाचक घरीच वाचतो, चुकलेले वाक्य पुन्हा म्हणतो आणि 'ऑडॅसिटी'सारख्या प्रणालीत चूक कापतो. मुद्रितशोधकासारखा दुसरा श्रोता गळलेला वा दुबार आलेला मजकूर टिपतो. वाचनशैलीला हात लावत नाही. हा संयम मला मोलाचा वाटतो. कात्री हाती आली की श्वासही कापावासा वाटतो. आणि श्वास गेला की कॉनरॅडचे लांबलचक वाक्य कोठे वळले, हे कानाला उमगत नाही.