गोठविलेल्या तेलाची कथा

आपल्या समाजाने तूप आणि तेल यांच्यात फार पूर्वीपासून पंक्तिभेद केला आहे. तेल रोजच्या फोडणीचे. तूप सणावाराचे, देवाच्या नैवेद्याचे आणि पाहुण्याच्या पानातले. खोबरेलाचा अपवाद सोडला, तर तेल थंडीतही बहुधा पातळच राहते. तूप मात्र थिजते, रवाळ होते. डोळ्यांना दिसणाऱ्या या साध्या फरकावर विसाव्या शतकात एक मोठा उद्योग उभा राहिला आणि त्याच फरकाने गृहिणींना, व्यापाऱ्यांना व शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ चकविले.

या कथेचा आरंभ युरोपात झाला. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने लोण्याला स्वस्त पर्याय शोधणारास पारितोषिक जाहीर केले आणि १८६९ साली मेज-मूरिए या रसायनज्ञाने गुरांच्या चरबीपासून मार्गारिन तयार केले. पुढे पॉल साबातिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, निकेल धातूच्या सान्निध्यात असंपृक्त पदार्थांशी हायड्रोजन वायूचा संयोग घडविता येतो. त्याच तत्त्वाच्या आधारे जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान याने पातळ तेल घट्ट करण्याची कृती सिद्ध केली आणि १९०२ साली तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९११ साली अमेरिकेत सरकीच्या तेलापासून बनविलेले ‘क्रिस्को’ बाजारात आले. स्वस्त, टिकाऊ व दिसावयास शुभ्र अशा या पदार्थाला गिऱ्हाईक मिळण्यास वेळ लागला नाही.

हिंदुस्थानात असे गोठविलेले तेल आरंभी हॉलंडमधून येत असे. १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली, मुंबईत शिवडी येथे तिचा कारखाना निघाला आणि १९३७ साली ‘डालडा’ हे नाव घराघरांत जाऊ लागले. ज्यांना साजूक तूप परवडत नव्हते, त्यांच्या घरी लाडू, करंज्या व शंकरपाळी त्यावर होऊ लागल्या. गरिबाच्या सणाला त्या डब्याने शोभा आणली, हे नाकारता येणार नाही.

परंतु वनस्पती तुपासारखे दिसत असल्याने तुपातील भेसळ सोपी झाली. महात्मा गांधींनी १९४६ साली ‘हरिजन’मधून वनस्पतीविरुद्ध लेखणी चालविली. भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळण्याचा नियम झाला. तिळाच्या तेलाचा अंश असलेल्या तुपाची विशिष्ट रासायनिक परीक्षा केली की, नळीतील आम्ल गुलाबी होई आणि चोरी उघडकीस येई. युक्ती चतुर होती. तथापि ती एकाच प्रश्नाचे उत्तर देत होती : हे तूप शुद्ध आहे काय? मुळात तो गोठविलेला पदार्थ शरीरात जाऊन काय करतो, हा प्रश्न त्या नळीच्या कक्षेबाहेरच राहिला.

त्या प्रश्नाचे मूळ तेलाच्या घडणीत आहे. असंपृक्त स्निग्धाम्लाच्या साखळीला नैसर्गिक तेलात एक बाक असतो. म्हणून ते रेणू दाटीने बसत नाहीत आणि तेल पातळ राहते. तेल अर्धवट गोठविताना काही साखळ्यांचा बाक जाऊन त्या सरळ होतात. हीच ट्रान्स स्निग्धाम्ले होत. १९५७ साली अमेरिकेत फ्रेड कमरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत माणसांच्या शरीरपेशींत ही आम्ले साठलेली असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. संशयाचा सारा रोख त्या काळी लोणी, चरबी यांतील संपृक्त मेदावर होता आणि वनस्पतिजन्य ते निर्दोष, असा समज दृढ झाला होता. १९८० नंतरच्या दशकात तर अमेरिकेतील आरोग्यवादी मंडळींच्याच आग्रहामुळे अनेक उपाहारगृहांनी तळणासाठी चरबी सोडून गोठविलेले तेल घेतले. सद्हेतूने चुकीची वाट धरली गेली.

१९९० साली नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांनी प्रयोगाने दाखविले की, ही आम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवितात. संपृक्त मेदापेक्षाही हा दुहेरी अपाय मोठा होता. डेन्मार्कने २००३ साली त्यांवर १०० ग्रॅम मेदात २ ग्रॅमची मर्यादा घातली. कमरो यांनी २००९ साली अमेरिकन शासनाकडे अर्ज केला, २०१३ साली दावा लावला आणि २०१५ साली, त्यांच्या वयाच्या शंभरीत, निर्णय त्यांच्या बाजूने लागला. भारतात ही मर्यादा २०२१ साली ३ टक्के व २०२२ साली २ टक्के झाली.

या इतिहासाने तूपही सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. त्यात व खोबरेलात संपृक्त मेद पुष्कळ आहे. ते प्रमाणातच घ्यावे. शेंगदाणा, तीळ, करडई यांच्या तेलांत असंपृक्त आम्ले अधिक असल्याने रोजच्या आहारात ती हृदयाला अधिक मानवतात. म्हणजे पंक्तीत ज्याला खालचे पान वाढले, ते फोडणीचे पातळ तेलच तुपासारख्या दिसणाऱ्या त्या शुभ्र रवाळ गोळ्याहून हितकर निघाले. मेदाची पारख रूपावरून करू नये, हे कळावयास मात्र जगाला कमरो यांच्या शोधानंतरही अर्धे शतक लागले.