ठाण्याचे रक्तसाक्षी आणि पुरी झालेली यात्रा



ज्युबिली व यात्रा यांचें नातें जुनें आहे. इ. स. १३०० मध्यें पोप आठवे बोनिफास यांनीं पहिलें ज्युबिली वर्ष पाळलें, तेव्हां यूरोपांतील असंख्य भाविक रोमच्या वाटेस लागले. त्यानंतर अवघ्या एकवीस वर्षांनीं एक यात्रा आपल्या कोपरपासून चौथ्या स्थानकावर, ठाण्यास, येऊन थांबली.

तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे दिमेत्रियुस हे चार फ्रान्सिस्कन संन्यासी चीन देशास निघाले होते. ठाण्यांत त्या काळीं नेस्तोरी पंथाचीं पंधरा ख्रिस्ती कुटुंबें होतीं. त्यांपैकीं एका घरीं ते उतरले. एके दिवशीं घरधन्यानें बायकोस मारहाण केली. तिनें काजीकडे दाद मागितली व संन्याशांस साक्षीदार म्हणून बोलावणें आलें. साक्ष द्यावयाची होती मारहाणीची. द्यावी लागली ख्रिस्ताची. एप्रिल १३२१ मध्यें चौघांनीं प्राण दिले. वास्को द गामा कालिकतास आला १४९८ मध्यें. आपला धर्म प्रथम फिरंग्यांच्या गलबतांतून आला असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

जॉर्डन नामक दोमिनिकन साधूनें त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. पुढें थोड्याच वर्षांत पोर्देनोनेचे ओदोरिक तेथें आले. त्यांनीं त्या अस्थि काढून घेतल्या व समुद्रमार्गें चीनमधील झैतून बंदरीं, आपल्या संघाच्या मठांत, नेऊन ठेविल्या. ज्या देशास चौघे निघाले होते, तेथें ते पोहोंचले. परंतु दुसऱ्याच्या खांद्यावरून.

यात्रेचें मर्म हेंच आहे. ती एकट्याची नसते. सप्टेंबरांत आपण वांद्र्यास मोत मावलीच्या पायऱ्या चढतों, तेव्हां अंथरुणास खिळलेल्या शेजारणीची मेणबत्तीहि आपल्या हातीं असते. तिची यात्रा आपण पुरी करतों.

कोपरला दोन लोहमार्ग एकमेकांस ओलांडतात. एक ठाण्यास, रक्तसाक्ष्यांच्या मरणभूमीकडे जातो. दुसरा वसईस, आणि तेथून पुढचेंच स्थानक नालासोपारा, त्यांच्या पहिल्या विसाव्याचें गांव. रोज गाडी गांठतांना याचें स्मरण असावें.

या धर्मग्रामाचा पाया घालणारे कित्येकजण आज आपल्यांत नाहींत. त्यांची वाट अर्धी राहिली, ती चालण्याचें काम आपल्याकडे आलें आहे. आपली अर्धी राहील, ती लेंकरें चालतील. तेवढें बळ प्रभु आम्हांस देवो.