आजीच्या आजीचे नाव

दिवाळीनंतर वाशीला गेलो होतो, तेव्हा एका शिक्षकमित्राच्या नववीच्या वर्गात तासभर बसलो. मुलांना त्याने साधाच अभ्यास दिला होता. आपल्या पूर्वजांची नावे लिहायची, जितकी मागे जाता येतील तितकी. बहुतेकांनी वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावे लिहिली, काहींनी चौथेही. आईच्या बाजूने मात्र बहुतेकांची गाडी आजीपाशीच थांबली. मी हसलो आणि मग माझ्या स्वतःच्या आजीच्या आईचे नाव आठवू लागलो. ते मला येत नव्हते. घरात सगळे तिला ‘येडशीकरीण’ म्हणत, एवढेच ठाऊक.

आईकडची वाट अशी लवकर का बुजते, आणि बुजलेली वाट पुन्हा सापडू शकते का? या प्रश्नाचे एक उत्तम उदाहरण सुरत, मुंबई आणि स्कॉटलंड यांना जोडणाऱ्या एका घराण्याच्या इतिहासात मिळते.

थिओडोर फोर्ब्स हा स्कॉटलंडचा तरुण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला. तेथे एलिझा केवार्क नावाच्या स्त्रीबरोबर त्याने संसार केला. १८१२ साली त्यांना कॅथरिन ही मुलगी झाली. पुढे फोर्ब्स मुंबईला गेला आणि फोर्ब्स आणि कंपनी या पेढीत भागीदार झाला. एलिझा सुरतेलाच राहिली. मला बोलावून घ्या, अशी विनवणी करणारी तिची पत्रे स्कॉटलंडमध्ये जपून राहिली आहेत. फोर्ब्सने तिला बोलावले नाही. मुलीला मात्र लहानपणीच स्कॉटलंडला पाठवून दिले. १८२० मध्ये मायदेशी परतताना जहाजावरच तो मरण पावला. मृत्युपत्रात त्याने एलिझाचा उल्लेख ‘घर सांभाळणारी’ असा केला होता.

कॅथरिन स्कॉटलंडमध्येच वाढली. ॲबरडीनच्या क्रॉम्बी घराण्यात तिचे लग्न झाले आणि तिचा वंश तेथे वाढत गेला. घरात पिढ्यान्पिढ्या एक गोष्ट सांगितली जाई. आपली ती पूर्वज आर्मेनियन होती, असे ती गोष्ट सांगे. ‘केवार्क’ हे नाव आर्मेनियन वळणाचे आहे आणि सुरतेला आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्तीही होती. तेव्हा गोष्ट खोटी मानण्याचे कारण नव्हते. पण ती पुरी होती का?

येथे जीवशास्त्र मदतीला आले. आपल्या पेशींत तंतुकणिका असतात. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, जवळजवळ १६,५६९ अक्षरांचा. तो फक्त आईकडून मुलांना मिळतो. मुलगा तो पुढे देत नाही, मुलगी देते. म्हणजे आडनाव जसे बापाकडून चालते, तसा हा डीएनए आईकडून चालतो. त्यात क्वचित होणारे बदल पिढ्यान्पिढ्या टिकून राहतात आणि त्यांवरून मातृवंशाचे गट पाडता येतात.

कॅथरिनपासून आई–मुलगी अशा अखंड साखळीने आलेल्या दोन नातेवाइकांची लाळ तपासण्यात आली. त्यांचा गट निघाला ‘आर ३० बी’. तोवर हा गट जगात अवघ्या १४ जणांत नोंदला गेला होता. त्यांपैकी १३ भारतीय आणि एक नेपाळी. २०१३ साली एडिंबराचे आनुवंशिकीतज्ज्ञ जिम विल्सन यांनी हा निष्कर्ष मांडला. एलिझाचे आडनाव आर्मेनियन असले तरी तिची आई, किंवा त्या आईची आई, भारतीय असली पाहिजे. याच साखळीतून पुढे डायना आणि तिचा मुलगा राजपुत्र विल्यम आले, म्हणून वर्तमानपत्रांत गवगवा झाला. विल्यमला हा डीएनए मिळाला, पण त्याच्या मुलांना तो त्याच्याकडून मिळणार नाही.

आता थोडे गणित करू. एलिझा ही विल्यमच्या वरची सातवी पिढी. त्या पिढीत प्रत्येकाचे २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ पूर्वज असतात. तंतुकणिकेने त्यांतल्या एकीचाच माग लावला. उरलेल्या १२७ जणांबद्दल ती गप्प आहे. शिवाय गट म्हणजे जात नव्हे, धर्म नव्हे आणि गावही नव्हे. रक्तावरून जात सांगणारी कोणतीही चाचणी विज्ञानाकडे नाही. हे वर्गात स्पष्ट सांगायला हवे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केवळ डीएनएने हे कोडे सुटले नसते. कोणाची लाळ तपासायची हे वंशावळीने सांगितले आणि वंशावळ दप्तरांतून मिळाली. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद सक्तीची झाली आणि त्या नोंदींत आईचे माहेरचे आडनावही लिहिले जाते. आईकडची साखळी शोधणाऱ्याला तो एक रकाना केवढा आधार देतो!

आपल्याकडे दप्तरे नाहीत असे नाही. वाशीचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुने कागद मोडीत आहेत, तसेच उर्दूतही आहेत. खासरा पाहणीपत्रक, कोतवालबुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, १९५१ चे नागरिक रजिस्टर ही सारी साधनेच. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत कित्येक पिढ्यांची नावे सापडतात. एका जुन्या ओळीची किंमत काय असते, हे मराठवाड्याने २०२३ नंतर पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. पणजोबाच्या नावापुढच्या एका शब्दावर नातवाचा दाखला ठरू लागला.

मात्र या दप्तरांत बहुतेक ठिकाणी बाप आणि मुलगा अशीच साखळी आहे. जमीन त्याच्या नावाची आणि म्हणून नोंदही त्याची. लग्नानंतर मुलीचे नाव, आडनाव आणि गाव तिन्ही बदलत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे आवश्यक झाले, ही चांगलीच गोष्ट. पण तिचे माहेर त्यात येत नाही. ते अजूनही घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच आहे.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना आजीपाशी बसवा. तुझ्या आईचे नाव काय, तिचे माहेर कुठले, लग्नात कोण आले होते, दुष्काळात कुठे गेलात, असे प्रश्न विचारू द्या. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख वहीत टिपावी. मग ती गोष्ट एखाद्या कागदाशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या नाहीत तर आजी चुकली असे लगेच मानू नये, कागदही चुकतो. ‘आर्मेनियन’ ही गोष्ट अर्धी खरी होतीच ना! ज्या मुलाकडे सांगायला वंशावळ नाही, त्याला वर्गात अवघडल्यासारखे होणार नाही याची काळजी मात्र घ्यावी. पोट भरण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्यांची नोंद कोणीच ठेवली नाही. हा दोष त्यांचा नव्हे.

त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी माझ्या ऐंशी ओलांडलेल्या आत्याला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कोंडाबाई. आजवर कुणी इचारलंच नाही रे.” मी ते नाव लिहून ठेवले, तारखेसह.