अस्सल जीप कोणती ?

अस्सल कागद आणि नक्कल यांतील भेदाची जाणीव महाराष्ट्राला मुख्यतः इतिहासाचार्य राजवाडे यांनीं करून दिली. १८९८ सालीं त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि दप्तरांतील मूळ कागद व मागाहून कोणी उतरून काढलेली प्रत यांची किंमत एक नव्हे, हें सुशिक्षित मराठी घरांतून सर्वमान्य झालें. तोच प्रश्न अलीकडे जुन्या मोटारगाड्यांविषयीं विचारला जातो, असें म्हटल्यास कित्येक वाचकांस हसूं येईल. परंतु ज्या यंत्रानें दोन पिढ्यांचें ओझें वाहिलें, तेंहि एक इतिहासाचें साधनच आहे. आणि साधन म्हटलें कीं त्याच्या अस्सलपणाचा विचार टळत नाहीं.

अमेरिकेंत या वादाला मोठा बाजार आहे. १९६४ सालीं पाँटिअॅक कंपनीनें मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घनइंचांचें दांडगें एंजिन बसवून जी. टी. ओ. नांवाची गाडी काढली, आणि तेथून तशा बलदंड गाड्यांची एक जातच सुरू झाली. आज तिकडचे शौकीन एंजिनावरील अंक गाडीच्या मूळ अंकाशीं जुळतो कीं नाहीं हें डोळ्यांत तेल घालून पाहतात. अंक जुळला तर गाडीला सोन्याचा भाव. न जुळला तर तीच गाडी, तोच वेग, पण किंमत उतरली. आमच्या खेड्यांत त्या गाड्या कधीं आल्या नाहींत. आमच्याकडे ज्या गाडीविषयीं हा वाद खरोखर अर्थपूर्ण होतो ती गाडी म्हणजे जीप.

पुणें-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगांव यांच्या मध्यें खुटबाव हें स्टेशन लागतें. पुण्याहून पूर्वेकडे जाणारा हा मार्ग १८५८ सालीं सुरू झाला; म्हणजे यंत्राच्या वाहनाची ओळख या मुलखाला मोटारीच्या कितीतरी आधीं झाली. परंतु आगगाडी माणसाला स्टेशनापर्यंत आणून सोडते. तेथून वाडीपर्यंत आणि वाडीपासून उसाच्या फडापर्यंत जो चिखलाचा व चाकोऱ्यांचा रस्ता असतो, तेथें शहरी मोटारीचा उपयोग नव्हता. चारीहि चाकांना जोर असलेली, ताडपत्रीच्या छपराची, कोणत्याहि लोहाराला उघडतां येईल अशी जीपच अशा गांवांना मानवली. तिनें उसाचें बेणें वाहिलें, दुधाच्या किटल्या वाहिल्या. मागचा भाग वाढवून समोरासमोर बांकें बसविलीं कीं तीच वडाप झाली.

ही गाडी मुळांत युद्धाची. १९४० सालीं अमेरिकन सैन्याला हलकें, काटक वाहन हवें होतें. बँटम कंपनीनें पहिला नमुना करून दिला. पुढें विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनीं युद्धकाळांत मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. पुढच्या व मागच्या आंसांत ८० इंच अंतर, १३४ घनइंचांचें एंजिन, ६० अश्वशक्ति. एका जीपेचा भाग दुसरीला चालावा, अशीच तिची घडण होती. एका कारखान्याचें एंजिन दुसऱ्याच्या सांगाड्यावर बसवून रणांगणावर तिघींतून दोन जीपा चालत्या करणें हा तिचा गुण मानला जाई. अंक जुळविणाऱ्या शौकिनांनीं हें विसरूं नये.

इकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या पेढीचें नांव १९४८ सालीं महिंद्र अँड महिंद्र झालें, व विलीस जीप मुंबईंत जोडली जाऊं लागली. पुढें जी उंच टोपणाची जीप आपल्या खेड्यांत सर्वत्र दिसली, तिचें तें उंच टोपण म्हणजे मूळ कारखान्यानेंच केलेला फेरफार : नव्या एंजिनांत कांहीं झडपा डोक्यावर गेल्या, एंजिन उंच झालें, म्हणून टोपण उचलावें लागलें. अमेरिकेंत तो नमुना १९५३ पासून १९६८ पर्यंत निघाला. आपल्याकडे तो त्यानंतरहि वर्षानुवर्षें निघत राहिला. मूळ घर बंद पडल्यावर दुसऱ्या घरीं वाढलेल्या या वंशाला नक्कल म्हणावें काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं.

खरा तंटा एंजिनाचा आहे. मूळ पेट्रोल-एंजिन मजबूत खरें, पण खादाड. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, असें दीर्घकाळ चाललें. तेव्हां शेतकऱ्यानें मिस्त्रीकडून जुनें एंजिन उतरवून डिझेल चढविलें. डिझेलमध्यें ठिणगी पाडणारे प्लग नसतात. हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनेंच इंधन पेट घेतें. म्हणून कार्बुरेटर गेला, डिस्ट्रिब्यूटर गेला, एंजिन जड झालें, पुढच्या पाट्यांना एकदोन पानें अधिक घालावीं लागलीं. गाडी धडधडूं लागली, वेग घटला, पण सावकाश ओढण्याचा जोर वाढला. आणि फडांतून बाहेर निघणाऱ्या गाडीला हवा होता तो हाच. शिवाय हें मिस्त्रीचेंच धाडस होतें असें नाहीं. १९६३ सालीं महिंद्रांनीं इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्यानें ट्रॅक्टरचा उद्योग मांडला, आणि त्या ट्रॅक्टरच्या वंशांतलें डिझेल-एंजिन कारखान्यानें स्वतःच जीपेंत घातलें. मागाहून फ्रेंच पूजो कंपनीच्या नमुन्याचेंहि आलें. मुंबईच्या कारखान्यानें केलें ती सुधारणा आणि दौंडच्या मिस्त्रीनें केलें तो बिघाड, हा न्याय आम्हांस पटत नाहीं.

मात्र एवढ्यावरून वाटेल तो बदल समर्थनीय ठरत नाहीं. ज्या जीपेंत जन्मापासूनचें एंजिन आहे, जिच्यावर पहिल्या रंगाचे पोपडे आहेत, ती अस्सल कागदासारखी आहे. तिला हात लावूं नये, गंजहि बेतानेंच पुसावा. अशा गाड्या थोड्या उरल्या आहेत. पण जी एकदां बदलली ती बदललेलीच राखावी. जुन्या बखरींत मागाहून कोणी चार ओळी घुसडल्या असतील तर शहाणा संपादक त्या खरवडून काढीत नाहीं. हा हात निराळा आहे, अशी टीप देतो. दुर्दैवानें शहरांतील कांहीं हौशी लोक याच्या उलट करतात. खेड्यांतली जीप विकत घ्यावयाची, वाढविलेला सांगाडा कापावयाचा, बांकें फेंकावयाचीं, सैनिकी हिरवा रंग देऊन टोपणावर पांढरी चांदणी काढावयाची, आणि ही महायुद्धांतली जीप म्हणून मिरवावयाची. ही गाडी युद्ध संपल्यावर कित्येक वर्षांनीं मुंबईंत जोडली गेली ! तिच्या आयुष्यांत घडलें तें सर्व पुसून न घडलेलें तिच्या अंगावर रंगविणें, याला बनावट दस्तऐवज हाच शब्द योग्य आहे.

कायद्यानेंहि या प्रश्नांत हात घातला आहे. मोटार वाहन कायद्याचें ५२वें कलम गाडीच्या घडणींतील फेरफारांवर निर्बंध घालतें, आणि कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत बदल चालणार नाहीं असा निर्णय जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिला. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पुरातन गाड्यांसाठीं निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नासाहून अधिक वर्षें झालेली आणि सांगाडा, कवच, एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी तेवढी पुरातन. नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये. आणि अशी गाडी प्रदर्शन, शर्यत-मेळावा, दुरुस्ती इत्यादि कारणांपुरतीच रस्त्यावर यावी, नेहमींच्या वा धंद्याच्या कामाला नव्हे. अस्पर्शित गाड्यांचें रक्षण या नियमांनीं होईल, हें चांगलेंच आहे. पण डिझेल चढविलेल्या शेतकरी-जीपेला त्यांत जागा नाहीं; आणि जागा मिळाली असती तरी बेण्याच्या चार मोळ्या टाकून फडावर जाण्याची तिला मनाई झाली असती.

तेव्हां अशी गाडी ज्यांच्या दारीं आहे त्या कुटुंबांनींच कांहीं गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. नोंदणीपुस्तक, त्यांतील एंजिन-बदलाची नोंद, मिस्त्रीची पावती, बांकांसकट काढलेलें एखादें छायाचित्र हीं एका पिशवींत ठेवावीं. उतरविलेलें पेट्रोल-एंजिन बहुधा भंगारवाल्याकडे वजनावर जातें. तें शिल्लक असेल तर गोठ्याच्या कोपऱ्यांत लांकडी ठोकळ्यांवर चढवून, अंगाला ग्रीस फांसून, प्लगांचीं भोंकें बुजवून ठेवावें, आणि त्यावरील अंक पुसट होण्यापूर्वीं वहींत उतरून घ्यावा.