उमेदवारीपासून शिकाऊ उमेदवारीपर्यंत

'उमेदवार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. आशा धरून असणारा तो उमेदवार. पुढेमागे नोकरी मिळेल या भरवशावर कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम करणाऱ्या तरुणाला पूर्वी उमेदवार म्हणत. जाणत्या कारकुनाच्या हाताखाली तो मोडी अक्षर वळणावर आणी, बेरजा पडताळी, नकला करी, ताळेबंद मांडायला शिके. जागा रिकामी झाली की त्याची वर्णी लागे. आज निवडणुकीला उभा राहणाराही उमेदवार आणि कारखान्यात यंत्रावर काम शिकणारा मुलगाही कायद्याच्या मराठीत 'शिकाऊ उमेदवार'. शिकण्याचा खर्च कोणी सोसायचा आणि शिकल्यावर काम देण्याचे बंधन कोणावर, हे दोन प्रश्न या शब्दाला पहिल्यापासून चिकटलेले आहेत. कारखानदार आणि शिक्षणसंस्था यांच्या संबंधांचा मुंबई इलाख्यातील आणि नंतर महाराष्ट्रातील इतिहास याच दोन प्रश्नांभोवती फिरतो.

यंत्रे येण्यापूर्वी हे प्रश्न फारसे उद्भवत नसत. सुताराचा मुलगा सुतारकी बापाकडे शिके. लोहाराचा मुलगा आधी भाता ओढी, मग घण उचली आणि बऱ्याच वर्षांनी ऐरणीवरच्या कामाला हात लावी. शिक्षण, रोजगार आणि जात एकाच घरात नांदत होती. शहरातल्या कारागिरांत उस्ताद आणि शागीर्द हे नाते होते; शागिर्दाला पोटापुरते मिळे आणि त्याच्या श्रमाचा मोबदला विद्येच्या रूपाने हळूहळू पदरात पडे. या व्यवस्थेत कौशल्य टिकले, पण जातीच्या आणि ओळखीच्या कुंपणाबाहेर ते क्वचितच गेले.

कंपनी सरकारने १८५० साली शिकाऊ उमेदवारांविषयीचा पहिला कायदा केला. त्याची नजर कारखान्यांच्या गरजेवर नव्हती. अनाथ, गरीब आणि सार्वजनिक दानधर्मावर वाढलेल्या मुलांना उद्योगाला लावावे, हा त्याचा हेतू होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला करार करून एखाद्या धन्याकडे जास्तीत जास्त सात वर्षे धंदा शिकायला ठेवता येत असे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीने १८५७ मध्ये उभ्या राहिलेल्या सुधारगृहातही मुलांना हातचे काम शिकवून मार्गी लावण्याचाच विचार होता. हाताने करायचे काम म्हणजे निराधाराला सुधारण्याचे साधन, ही समजूत या काळात रुजली आणि पुढे तंत्रशिक्षणाच्या वाट्याला आलेल्या दुय्यम मानाला तिनेही हातभार लावला.

नोकरी देणाऱ्याने स्वतःच्या गरजेसाठी शाळा काढावी, असे पुण्यात १८५४ साली घडले. रस्ते, पूल, कालवे आणि रेल्वे यांची कामे वाढत होती आणि देखरेखीला हाताखालचे तांत्रिक नोकर पुरत नव्हते. ते तयार करण्यासाठी सरकारने पुण्यात अभियांत्रिकी वर्ग आणि यंत्रशाळा सुरू केली. याच वर्गातून वाढत गेलेली संस्था १९११ पासून कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग म्हणून ओळखली जाऊ लागली. येथे नोकरी देणारे सरकार आणि शिकवणारेही सरकारच असल्याने उमेदवाराच्या आशेला ठोस आधार होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये येथून परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. महाविद्यालयाचा दरवाजा आणि खात्याचा दरवाजा असे समोरासमोर होते.

रेल्वेने दुसरी रीत रूढ केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्यानंतर इंजिने आणि डबे दुरुस्त करणारे मोठे कारखाने परळ, लोअर परळ आणि माटुंगा येथे उभे राहिले. रेल्वे कंपन्या शिकाऊ मुले थेट कारखान्यात घेत आणि फिटर, टर्नर, बॉयलरमेकर अशी कामे खात्याखात्यांतून फिरवून शिकवत. वरच्या हुद्द्यांकडे नेणारी उमेदवारी मात्र बराच काळ प्रामुख्याने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांच्या वाट्याला आली. बिहारमधील जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात १८८८ मध्ये तांत्रिक शाळा सुरू झाली आणि १९२७ पासून तेथे अधिकारी घडवणारा विशेष शिकाऊ वर्ग चालू झाला. कारखान्याच्या आवारातच शाळा, हा नमुना स्वातंत्र्यानंतरच्या मोठ्या उद्योगांनी उचलला.

मुंबईच्या कापड गिरण्यांची गोष्ट वेगळी होती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि तीस वर्षांत धुराड्यांचे शहर तयार झाले. यंत्रे लँकेशायरहून येत आणि ती चालवून घेणारे मॅनेजर, विव्हिंग मास्टर, स्पिनिंग मास्टर यांपैकीही अनेकजण तिकडूनच येत. त्यांचे पगार मोठे असत. त्यांच्या जागी येथलीच माणसे तयार करणे गिरणीमालकांना आर्थिकदृष्ट्या परवडणारे होते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे हे तंत्रशिक्षणाचे पुरस्कर्ते होते. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानामुळे संस्थेला भायखळ्यात जागा मिळाली. १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली आणि १९९७ पासून तिच्या नावात वीरमाता जिजाबाईंचे नाव आले. व्हीजेटीआय ही आद्याक्षरे तेवढी तीच राहिली.

या संस्थेत कापडतंत्र आणि यंत्र अभियांत्रिकी हे मुख्य विषय होते. गिरणीत दिसणारी यंत्रे संस्थेतही होती आणि विद्यार्थी त्यांवर हात फिरवून शिकत. तरीही ही भागीदारी गिरणीच्या वरच्या मजल्यापुरतीच राहिली. शिकवण्याची भाषा इंग्रजी असल्याने येथून मास्टर, ड्राफ्ट्समन आणि अभियंते निघाले. साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा कामगार येथे आला नाही.

त्याचे शिक्षण जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, हाती होते. कोकणातून किंवा घाटावरून आलेला मुलगा गाववाल्याच्या ओळखीने जॉबरपर्यंत पोहोचे, बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभा राहू लागे आणि भावाच्या किंवा काकाच्या शेजारी उभे राहून काम उचले. बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे असे. जॉबर कामावर घेई, शिकवी, बढती देई आणि त्याबद्दल दस्तुरीही घेई. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर आली. म्हणजे अनेक मुलांची 'उमेदवारी' शाळेच्या वयातच सुरू होत होती. गिरणीमालकाला या शिक्षणासाठी वेगळा पैसा मोजावा लागत नसे, त्यामुळे कामगारासाठी शाळा काढण्याची त्याला निकडही वाटत नसे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रीच्या शाळा चालवल्या. मालकांनी मोकळी सोडलेली जागा अशा सामाजिक संस्थांनी थोडीफार भरून काढली.

भाषेची अडचण बडोद्याने सरळ हाताळली. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. रंगाई, यंत्रकाम, चित्रकला यांसारखे विषय देशी भाषांतून शिकवता येतात, हा गज्जरांचा आग्रह होता. रसायनशास्त्राचे हे प्राध्यापक रंगाईच्या धंद्याशी जवळून जोडलेले होते आणि पुढे मुंबईत त्यांनी स्वतःची रसायनशाळा चालवली. चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

व्हीजेटीआयमधून बाहेर पडलेल्या एका शिक्षकाने उलट्या दिशेचा प्रयोग केला. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथे यांत्रिक रेखाटन शिकवत. बढतीत डावलले गेल्यावर ते नोकरी सोडून बेळगावला गेले आणि सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत पोहोचले. १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे तयार कारागीर मिळणे शक्य नव्हते, म्हणून आसपासच्या खेड्यांतली माणसे घेऊन त्यांना ओतकाम, लेथ, जुळणी शिकवावी लागली. शिक्षण, घर आणि रोजगार पुन्हा एका आवारात आले, पण या वेळी जातीच्या जोरावर नव्हे, कारखान्याच्या गरजेपोटी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी पाहण्यांनी एकच उणीव पुन्हापुन्हा दाखवली. १९१६ ते १९१८ या काळात काम केलेल्या औद्योगिक आयोगाने पुस्तकी शिक्षण आणि कारखान्यातला अनुभव यांतील दरी नोंदवली. दरम्यान मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. कापड रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे त्याचे आरंभीचे विषय मुंबईच्या उद्योगांना थेट उपयोगी होते. पुढे हा विभाग माटुंग्याला व्हीजेटीआयच्या शेजारी गेला. सांगलीत १९४७ मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला नंतर उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. तरीही या काळातला उद्योगपती महाविद्यालयाला मुख्यतः दाता म्हणून ओळखत होता. विद्यार्थ्याला वर्षभर आपल्या कारखान्यात घेऊन शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

ही जबाबदारी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घडामोडींतून आली. युद्धासाठी हजारो तंत्रज्ञ घाईने तयार करावे लागले. युद्ध संपताच १९४५ मध्ये सैन्यातून परतणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्रीय महासंचालनालय स्थापन झाले. त्याच यंत्रणेतून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आणि तिच्याबरोबर औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली आयटीआय, सुरू झाली. १९५६ मध्ये अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रे ठरवणारी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि त्याच वर्षी संस्थांचा कारभार राज्यांकडे गेला. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत.

आयटीआयमध्ये मुलगा फाइल मारायला, वेल्डिंग करायला, मोटर गुंडाळायला शिके, पण उत्पादनाची गती आणि शिस्त तेथे शिकता येत नसे. ती कारखान्यात मिळावी म्हणून शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ च्या डिसेंबरमध्ये संमत झाला आणि १ मार्च १९६२ पासून अमलात आला. त्याच वेळी १८५० चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्याने ठरावीक उद्योगांतील मालकांवर ठरावीक प्रमाणात उमेदवार घेण्याची सक्ती केली. उमेदवाराशी लेखी करार, त्याची सरकारी नोंदणी, दरमहा विद्यावेतन, कामाबरोबर वर्गातले शिक्षण आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा असा क्रम ठरला. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनी प्राथमिक प्रशिक्षणाची सोय स्वतः करायची होती. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारकही कायद्याच्या कक्षेत आले. त्यांच्या विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकारने उचलला. मुंबई, चेन्नई, कानपूर आणि कोलकाता येथील प्रादेशिक मंडळे महाविद्यालये आणि कारखाने यांची गाठ घालून देऊ लागली.

कायदा अमलात आला त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९६२ रोजी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर अशा पट्ट्यांत कारखाने उभे राहिले आणि उमेदवारांना जागा मिळाल्या. वाहने बनवणाऱ्या टेल्को कंपनीने पुण्यात १९६६ च्या सुमारास पाय रोवले ते आधी प्रशिक्षण विभाग आणि यंत्रसाधने बनवणारा विभाग उभारून. वाहनांचे उत्पादन नंतर आले. दहावी झालेल्या ग्रामीण मुलांना या परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या उमेदवारीने कुशल कामगार बनवले. त्यांतील काहींनी पुढे भोसरी-चाकणच्या बाजूला स्वतःचे लहान कारखाने थाटले.

कायद्याची एक बाजू मात्र उमेदवारांना बोचत राहिली. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हता, त्यामुळे कामगार कायद्यांचे बहुतेक संरक्षण त्याला मिळत नसे. आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन, करारात तसे लिहिलेले नसेल तर, मालकावर नव्हते. काही कारखान्यांनी त्याला कमी खर्चाचा हात मानले, तर काहींनी दंडाच्या भीतीने कागदोपत्री संख्या पुरी केली. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, इतर बाबी समान असतील तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे सांगितले. त्याने हक्क निर्माण झाला नाही, पण उमेदीला न्यायालयीन शब्द मिळाला.

एकविसाव्या शतकात धोरणाचा रोख सक्तीकडून सवलतीकडे वळला. २००७-०८ पासून देशातील १३९६ शासकीय आयटीआय सार्वजनिक-खासगी भागीदारीत आणण्याची योजना सुरू झाली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज आणि उद्योजकाच्या अध्यक्षतेखालील व्यवस्थापन समिती, असे तिचे स्वरूप होते. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाला कैदेची शिक्षा देण्याची तरतूद काढली, यादीबाहेरच्या व्यवसायांतही उमेदवार घेण्याची मुभा दिली आणि प्रशिक्षित उमेदवारांच्या भरतीबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण आखावे असे सांगितले. २०१६ मध्ये आलेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल १५०० रुपये, केंद्र सरकार देऊ लागले. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन घातले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवी या पातळ्यांसाठी अनुक्रमे ६०००, ८००० आणि १०००० रुपये मासिक विद्यावेतन ठरवले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ही व्यवस्था पदवीच्या आत शिरली. विद्यापीठ अनुदान आयोगाने उमेदवारीसह पदवी देणाऱ्या अभ्यासक्रमांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार कला, वाणिज्य किंवा विज्ञानाचा विद्यार्थीही काही सत्रे कंपनीत काम करतो, विद्यावेतन घेतो आणि त्या कामाचे श्रेयांक पदवीत जमा होतात. अभ्यासक्रम महाविद्यालय आणि कंपनी मिळून ठरवतात. शिकण्याचा खर्च आता सरकार आणि मालक वाटून घेतात, आणि कचेरीतल्या जुन्या उमेदवाराच्या पदरी नसलेले करारपत्र, विद्यावेतन आणि प्रमाणपत्र आजच्या उमेदवाराच्या हाती असते. शिकल्यावर काम देण्याचा निर्णय मात्र अजूनही मालकाच्याच हाती आहे.