लाटव्हियाच्या नववधूचे हातमोजे

बाहेर वैशाखवणवा पेटलेला असताना लोकरीच्या हातमोज्यांवर व्याख्यान द्यावे, याचे श्रोत्यांस हसू येणे साहजिक आहे. आपल्याकडे लोकरीचा संबंध तान्ह्या बाळाच्या टोपड्याशी, आजोबांच्या कानटोपीशी आणि गळ्याभोवतीच्या मफलरीशी. तोही पौष-माघातल्या चार थंड दिवसांपुरता. परंतु एखाद्या लहान समाजाने सातशे वर्षे परक्यांचे राज्य सोसले, त्या काळात त्याच्या हाती दौत-लेखणी फारशी आली नाही, आणि लोकर मात्र नित्य होती, असे असेल तर त्याचा इतिहास पाहण्यासाठी लोकरीकडेच वळावे लागते. बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेला लाटव्हिया हा असा देश आहे. महाराष्ट्राच्या सुमारे एकपंचमांश एवढी त्याची भूमी, आणि लोकसंख्या वीस लाखांहूनही कमी. तेथल्या मुलींनी आपल्या लग्नात वाटण्यासाठी विणलेल्या हातमोज्यांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

प्रथम या कलेविषयी दोन शब्द. मराठीत आपण कापडही विणतो, बाजही विणतो, टोपलीही विणतो आणि स्वेटरही विणतो. एकाच क्रियापदाने चालवून घेतल्यामुळे एक महत्त्वाचा भेद आपल्या ध्यानात येत नाही. कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असे दोन धागे लागतात, माग लागतो, आणि माग ठेवावयास जागा लागते. सुयांच्या विणकामात एकच धागा फासातून फास काढीत पुढे जातो. त्याला माग नको, घरही नको. गुरांमागे चालताना, गाडीत बसल्या बसल्या, निखाऱ्यांच्या उजेडात, कोठेही ते चालते. मागाचे कापड हजारो वर्षांचे जुने. सुयांचे विणकाम त्या मानाने अर्वाचीन म्हटले पाहिजे. त्याचे सर्वांत जुने खात्रीचे नमुने इजिप्तमध्ये सापडले. ते मध्ययुगातले सुती मोजे आहेत. स्पेनमध्ये 1275 साली मरण पावलेल्या राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा याच्या थडग्यात विणलेल्या अभ्र्याची उशी मिळाली. आणि लाटव्हियाच्या सीमेलगत, एस्टोनियातील सिक्साला येथील दफनभूमीत, तेराव्या शतकाच्या अखेरीचा किंवा चौदाव्याच्या आरंभीचा एका लोकरी हातमोज्याचा तुकडा सापडला. म्हणजे ही विद्या त्या प्रदेशात किमान सातशे वर्षांची आहे.

हा हातमोजा आपल्या डोळ्यांपुढील पाची बोटांच्या मोज्यासारखा नसतो. अंगठा वेगळा आणि चार बोटे एकत्र, अशी त्याची जुनी ठेवण. बोटे एकमेकांची ऊब घेतात. तो पाच सुयांवर गोल विणतात: चार सुयांवर टाके आणि पाचवी सुई विणणारी. बारीक कातलेल्या दोन रंगांच्या लोकरी एकाच वेळी चालवायच्या. एक रंग पुढे दिसतो तेव्हा दुसरा मागून जातो. त्यामुळे नक्षी तर उठतेच, पण मोजा दुपदरी होऊन थंडीही कमी लागते. सौंदर्य आणि उपयोग येथे एकाच टाक्यात साधतात. टाक्यांची मांडणी चौकटीचौकटींची असल्यामुळे वळणदार वेलबुट्टी काढणे अवघड; तिरक्या रेषा, चौकोन, फुल्या, तारे मात्र सहज येतात.

रंग रानातले असत. भूर्जाच्या पानांचा पिवळा, मंजिष्ठेच्या कुळातल्या रानझुडपांच्या मुळ्यांचा तांबडा. निळा रंग मात्र पुढे विकतच्या निळीने येऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात जाणाऱ्या निळीचा मोठा वाटा आपल्या बंगालचा होता, आणि ती नीळ कशा जुलमाने पिकविली जाई हे 1859 सालच्या नीळकऱ्यांविरुद्धच्या उठावाने जगजाहीर केले. प्रेमाने विणलेल्या वस्तूतही कोणा दूरच्या शेतकऱ्याचा घाम मिसळलेला असू शकतो, एवढे येथे नोंदवून आम्ही पुढे जातो.

आता मूळ विषय. रिगा हे शहर 1201 मध्ये जर्मन धर्मयोद्ध्यांनी वसविले. तेव्हापासून जमीन जर्मन सरदारांची झाली. वर राज्य कधी पोलंडचे, कधी स्वीडनचे, अखेरीस रशियाचे. लाटव्हियन शेतकरी हळूहळू त्या जमिनीला जखडलेला कूळदास बनला. ही दास्यप्रथा कुर्लंड प्रांतात 1817 साली, लिव्हलंडमध्ये 1819 साली आणि पूर्वेकडील लाटगाले भागात तर 1861 साली उठली. अशा घरातल्या मुलीला स्वतःचे म्हणावे असे काय होते? शेत सरदाराचे, गुरे बापाची. तिची स्वतःची एकच वस्तू: लग्नाची पेटी. पाच-सहा वर्षांची झाली की तिच्या हाती सुया येत, आणि तेव्हापासून ती पेटी भरू लागे. पट्टे, शाली, मोजे आणि सर्वांत जास्त हातमोजे. सधन घरच्या मुलीच्या पेटीत हातमोज्यांचे शंभरावर जोड असत.

एवढे हातमोजे कशासाठी? वाटण्यासाठी. लग्नात सासूला, सासऱ्याला, दिरा-नणंदांना, मध्यस्थाला, गाडी हाकणाऱ्याला, लग्न लावणाऱ्याला, प्रत्येकाला त्याच्या मानाप्रमाणे जोड द्यावयाचा. माणसांवरच हे थांबत नसे. नववधू नव्या घरात फिरे आणि उंबरठ्यावर, चुलीपाशी, विहिरीवर, गोठ्यात, सफरचंदाच्या झाडाखाली हातमोजे ठेवीत जाई. सासू मागून ते गोळा करी. ज्या घरात उरलेला जन्म काढावयाचा त्या घराच्या दाराशी, पाण्याशी, गुरांशी तिने अशी ओळख करून घ्यावयाची. आपल्याकडे नवी सून माप ओलांडते, लक्ष्मीच्या पावलांनी घरात येते. लाटव्हियाची सून हात पुढे करून येई.

येथे चिकित्सक श्रोता विचारील की, ही भेट म्हणावयाची की कर? प्रश्न रास्त आहे. शंभर जोड विणण्यात मुलीचे बालपण खर्ची पडे. टाका सैल आहे की घट्ट, नक्षी मोडली आहे की साधली आहे, यावरून सासरची मंडळी तिची परीक्षा करीत. ज्या मुलीला आई नाही, तिची पेटी कोण भरणार? लाटव्हियन लोकगीतांत पोरक्या मुलीचे दुःख वारंवार येते, ते उगीच नव्हे. दैना नावाची ही गाणी बहुधा चार चरणांची असतात. क्रिश्यानिस बारोन्स या गृहस्थाने जन्मभर ती जमविली. 1880 मध्ये सत्तर खणांचे एक कपाट करवून त्यात चिठ्ठ्यांवर लिहून ती लावली. आणि 1894 ते 1915 या काळात सुमारे 2,18,000 गीते छापून काढली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांप्रमाणेच ती प्रामुख्याने बायकांची वाणी आहे, आणि ओव्यांप्रमाणेच तिच्यात माहेरची ओढ, सासरची भीती आणि कष्टांचा अभिमान एकत्र नांदतात.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने 1925 साली भेटीवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले की, पारंपरिक समाजांत भेट कधी एकटी येत नाही. देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही बंधनकारक असतात. बाल्टिकच्या हातमोज्यांना हे लागू पडते. शेजारच्या एस्टोनियात हातमोजा घेणारा वधूला पैसे देई किंवा एखादे जनावर देण्याचे वचन देई. हिशेब होताच. पण हिशेब होता म्हणून माया नव्हती, असे म्हणणे आम्हांस पटत नाही. ज्या मुलीजवळ देण्यासारखे दुसरे काहीही नव्हते, तिने आपल्या आयुष्याचे तास मोजून दिले. आणि घेणाऱ्यानेही ते हातात घातले, म्हणजे तिचे श्रम अंगाला लावून घेतले. बंधन आणि जिव्हाळा हे दोन धागे येथेही एकाच टाक्यात चालतात. एक पुढे दिसतो, एक मागून जातो.

या देशाशी आपले एक जुने नाते आहे, ते सांगितले पाहिजे. लाटव्हियन भाषा आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या. तिकडे लोकरीला ‘विल्ना’ म्हणतात. तो शब्द आणि संस्कृत ‘ऊर्णा’ हे एकाच मुळाचे. ऋग्वेदात सिंधूला ‘ऊर्णावती’ म्हटले आहे, ते तिच्या काठच्या लोकरीवरून. त्यांचा ‘दिएव्स’ हा आपला ‘देव’, त्यांचा ‘उगुन्स’ हा आपला ‘अग्नि’, आणि ज्याच्या पानांनी त्यांनी लोकर रंगविली तो त्यांचा ‘बेर्झ्स’ म्हणजे आपला ‘भूर्ज’. आणि त्या हातमोज्यांवर स्वस्तिकही आहे! त्याला ते अग्निक्रूस म्हणतात. परंतु शब्दांच्या साम्यावरून जसे नाते सिद्ध होते, तसे नक्षीच्या साम्यावरून होत नाही. चौकटीत टाके मांडणाऱ्या कोणत्याही हाताला ही आकृती सापडू शकते. म्हणून हे चिन्ह येथून तेथे गेले किंवा तेथून येथे आले, असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये.

अशा घाईचे परिणाम त्या देशाने भोगले आहेत. 1918 च्या 18 नोव्हेंबरला लाटव्हिया स्वतंत्र झाला आणि नव्या राष्ट्राला आपली प्राचीनता हवीशी वाटू लागली. एर्नेस्ट्स ब्रास्तिन्श याने 1923 साली लाटव्हियन नक्षीवर ग्रंथ लिहिला, आणि हे चिन्ह सूर्याचे, हे पर्जन्यदेव पेर्कोन्सचे, हे धान्याच्या जोडकणसाचे, अशी नावे व अर्थ लोकांत रूढ झाले. यातले बरेचसे अर्थ, ज्या आज्यांनी ती नक्षी विणली त्यांच्यापेक्षा या विसाव्या शतकातल्या विद्वानांचे आहेत. येथवर हे निरुपद्रवी होते. पण 1933 मध्ये ‘मेघगर्जनेचा क्रूस’ अशा अर्थाचे नाव घेऊन एक कडवी वंशवादी संघटना तेथे उभी राहिली आणि नववधूच्या हातमोज्यावरचे स्वस्तिक तिने आपले निशाण केले. 1941 मध्ये जर्मन नाझी सेना रिगात शिरली, तीही स्वस्तिक घेऊनच. त्या वर्षी 30 नोव्हेंबर आणि 8 डिसेंबर या दोन दिवसांत शहराजवळच्या रुंबुला येथील रानात सुमारे 25,000 ज्यूंची हत्या झाली, आणि त्या कामी स्थानिक साहाय्यकांचेही हात होते. घराच्या उंबरठ्यावर मंगल म्हणून ठेवलेली खूण राजकारणाच्या हाती गेली की ती काय पाहते, हे स्वस्तिक दारावर काढणाऱ्या आपण तरी विसरू नये.

दुसरीकडून सोव्हिएत सत्ता आली. तिने 1940 मध्ये देश गिळला. ब्रास्तिन्शला पकडून नेले. तो 1942 मध्ये कैदेतच मेला. 14 जून 1941 रोजी पंधरा हजारांवर आणि मार्च 1949 मध्ये बेचाळीस हजारांवर माणसे सैबेरियाकडे हद्दपार झाली. त्याआधी 1944 मध्ये हजारो लोक पश्चिमेकडे पळाले, जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत राहिले आणि पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात पांगले. पण हे विणकाम त्यांच्याबरोबर गेले, कारण त्याला माग लागत नाही. जुन्या लाटव्हियन हातमोज्यांच्या नक्ष्यांवरचे एक गाजलेले इंग्रजी पुस्तक 1981 साली अमेरिकेत निघाले, ते या पांगलेल्या परंपरेच्या आधारावरच. मायदेशी राष्ट्रध्वजाला बंदी होती. हातमोजा मात्र कोणाला जप्त करता आला नाही. 23 ऑगस्ट 1989 रोजी तिन्ही बाल्टिक देशांतल्या सुमारे वीस लाख लोकांनी व्हिल्नियसपासून रिगावरून टालिनपर्यंत हातात हात घालून सहाशे किलोमीटरांहून लांब साखळी धरली. 1991 मध्ये स्वातंत्र्य परत आले.

नोव्हेंबर 2006 मध्ये रिगात नाटो राष्ट्रांची शिखर परिषद भरली. पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या भूमीवर अशी परिषद प्रथमच होत होती. पाहुण्यांना काय द्यावे? देशभरातल्या स्त्रियांनी हाताने विणलेले 4,500 जोड हातमोजे देण्यात आले. नववधू जसे नव्या घरात सर्वांना हातमोजे वाटी, तसे हे छोटे राष्ट्र नव्या गोतात शिरताना वाटीत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मात्र एक फरक आहे. नववधू आपल्या सासरच्या माणसांच्या हाती हातमोजे देई. येथे विणणारीला घेणाऱ्याचे नावही ठाऊक नव्हते.

हे नवेही नाही. 1962 साली चीनने आक्रमण केले तेव्हा आपल्या देशात घरोघरी स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले. ज्या स्त्रीने जन्मात बर्फ पाहिला नाही, तिने कधीच न भेटणाऱ्या माणसासाठी टाके घातले. विल्यम ली याने 1589 मध्ये विणकामाचे यंत्र काढले, त्याला आता चारशेहून अधिक वर्षे झाली. यंत्राचा हातमोजा स्वस्त असतो, सुबक असतो आणि ऊबही तेवढीच देतो. मग हाताने का विणावे? आमच्या मते याचे उत्तर उबेत नाही, वेळेत आहे. विकत घेतलेल्या वस्तूत पैसा दिला जातो, आणि पैसा पुन्हा मिळविता येतो. विणलेल्या वस्तूत दिलेल्या संध्याकाळी परत येत नाहीत. लाटव्हियाच्या त्या मुलीला हे लिहिता आले नसते. तिने ते टाक्यांत मांडले, आणि वाचणाऱ्याच्या हातात ठेवले.