दप्तर कोणीं पाहावें?



नोंदवहींतील माहिती झांकावी कीं उघडी ठेवावी, याची चर्चा आज संगणकाच्या जगांत चालली आहे. आमच्या मुलखांत हा प्रश्न दीडशें वर्षांचा जुना आहे. माझें गांव कासुर्डी, तालुका दौंड. या भागास पूर्वीं भीमथडी म्हणत, आणि त्या काळीं सुपें गांवही भीमथडींतच मोडे.

त्या सुप्यास 12 मे 1875 रोजीं भोंवतालच्या खेड्यांतील कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. थोड्याच दिवसांत हें लोण शिरूरकडे व अहमदनगर जिल्ह्यांत पोहोंचलें. कापसाचा भाव उतरला होता, सारा वाढला होता. परंतु लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यांना कागद हवे होते. खतें व हुकूमनामे हातीं पडले, तेथें त्यांची होळी झाली. सावकारानें ते मुकाट्यानें दिले, तेथें बहुधा पुढें कांहीं घडलें नाहीं.

कागदावर एवढा राग कां? कर्ज कुळाचें, नांगराची निशाणी कुळाची, पण खत सावकाराच्या पेटींत. आंत रक्कम काय, व्याज काय, हें निरक्षर कुळास कळावें कसें?

सरकारनें चौकशी केली आणि 1879 सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला. शेतकऱ्याचें खत ग्राम-रजिस्ट्रारच्या देखरेखीखालीं लिहावयाचें, वाचून समजावयाचें, नक्कल दप्तरीं ठेवावयाची; असल धनकोस, प्रत ऋणकोस. पेटीचें कुलूप असें प्रथम निघालें.

पण दप्तर झालें म्हणजे तें कोणासही दाखवावें काय? याचें उत्तर 1908 च्या नोंदणी कायद्यांत आहे. स्थावर मिळकतीच्या दस्तांचें पहिलें पुस्तक फी भरणाऱ्या कोणासही पाहतां येतें. कारण जमीन घेणारास तिजवरील बोजा कळला पाहिजे. तिसऱ्या पुस्तकांतील मृत्युपत्राची नक्कल, करणारा हयात असेपर्यंत, त्यास किंवा त्याच्या मुखत्यारासच मिळते. चौथ्या पुस्तकांतील इतर दस्तांच्या नकला केवळ संबंधितांस मिळतात. कचेरी एकच, पण प्रत्येक पुस्तकाचें दार निराळें!

आतां आजचा प्रश्न. संकेतस्थळाचें नांव घेणारास आपला नांव-पत्ता नोंदवावा लागतो. हूइज नांवाच्या यादींत तो पूर्वीं कोणीही वाचूं शके. युरोपचा खासगी माहितीविषयींचा कायदा 25 मे 2018 रोजीं अमलांत आला, तेव्हांपासून बहुतेक व्यक्तींचे तपशील झांकले गेले. घरीं बसून लोणचें विकणाऱ्या बाईचा पत्ता आतां गुंडाच्या हातीं सहज पडत नाहीं, हें चांगलेंच झालें. परंतु बँकेच्या नांवानें काढलेल्या खोट्या स्थळावर ज्याचे पैसे गेले, त्यालाही तोच पडदा आड येतो. अशा मागण्यांसाठीं आयकॅन या संस्थेनें नोव्हेंबर 2023 मध्यें एक सोय सुरू केली. मात्र माहिती द्यावी कीं नाहीं, हें नोंदणी करणारी कंपनीच ठरविते. म्हणजे पेटीची किल्ली पुन्हां पेटीवाल्याकडेच!

ज्याचें हित कागदांत गुंतलें आहे, त्यास तो दिसला पाहिजे. ज्याचा संबंध नाहीं, त्यास दिसतां कामा नये. आणि संबंध कोणाचा, हें पेटीच्या धन्यानें नव्हे, कायद्यानें ठरवावें. सुप्याच्या होळीनें आम्हांस शिकविलेला धडा हाच आहे.